वी-यंत्र वश करण्याचा जाबता

निन्टेंडो कंपनीने २००६ साली बाजारात आणलेले ‘वी’ नामक क्रीडायंत्र ज्या इसमाच्या माळ्यावर अद्याप धूळ खात पडले असेल, त्याने ते खाली उतरविण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी की, सदरहू यंत्र स्वभावाने अत्यंत भोळे असून, त्यास फसविल्यावाचून त्याजकडून पूर्ण चाकरी मिळत नाही.

या फसवणुकीस उज्ज्वल परंपरा आहे. आरंभी काही जाणकारांनी साध्या चिमट्याने स्मृतिपटलावरील बिंदू जोडून यंत्राच्या गुप्त किल्ल्या हस्तगत केल्या. पुढे ‘झेल्डा’ खेळाच्या जतन केलेल्या नोंदीत घोडीचे नाव इतके लांबविण्यात आले की, ते वाचता वाचता यंत्राचे भान हरपले व त्याने परक्याचा हुकूम शिरसावंद्य मानला. हल्ली एवढा खटाटोप लागत नाही. यंत्राच्या नेटवर्क-पत्त्यावरून सिद्ध केलेले एक पत्र एसडी कार्डावर घालावे, निरोपांच्या फलकावर बॉम्बचे चित्र असलेला लाल लिफाफा शोधावा (आजच्या तारखेस न आढळल्यास कालच्या तारखेस पाहावा, सरकारी टपालाचाही हाच अनुभव आहे) आणि तो निःशंकपणे उघडावा. त्यानंतर पडद्यावर अशी ताकीद येते की, ही सामग्री पैसे मोजून घेतली असल्यास आपण फसला आहात. फसविणाऱ्यांनी इतका सचोटीचा दाखला दिल्याचे अन्य उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. मग यंत्राच्या स्मृतीतील मूळ दप्तराची नक्कल काढून सुरक्षित ठेवावी, आणि स्वतःच्या मालकीच्या तबकड्यांच्याच प्रती हार्डडिस्कवर उतरवाव्या. ‘स्वतःच्या’ या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या विवेकास विचारावा.

दूरदर्शनसंचावर ठेवावयाची ‘सेन्सर बार’ हरवली असल्यास शोक करू नये. तिच्यात सेन्सर मुळीच नसतो, केवळ अवरक्त दिवे असतात, आणि पाहणारा डोळा रिमोटच्या टोकाशी असतो. तेव्हा वीतभर अंतरावर लावलेल्या दोन मेणबत्त्यांनाही तो तितक्याच श्रद्धेने बार समजतो. पडदे मात्र आगाऊ बांधून घ्यावे.

पाहुणे जमल्यावर प्रथम मनगटपट्ट्याचा बंदोबस्त करावा, कारण उत्साही खेळाडूंच्या हातून रिमोट सुटू लागल्यामुळे कंपनीला पहिल्याच डिसेंबरात सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची तजवीज करावी लागली होती. बोलिंगमध्ये सोडावयाचे असते ते बटन, रिमोट नव्हे. ‘वॉरिओवेअर’ नामक खेळात रिमोट सोंडेप्रमाणे नाकाशी धरावा लागतो व प्रत्येक डाव काही क्षणांतच आटोपतो. हा मान घरातील सर्वांत गंभीर वडीलधाऱ्यास द्यावा, आणि त्यांना नियम समजेपर्यंत थांबू नये.

टेनिसमधील मर्म मात्र यजमानाने स्वतःपाशीच ठेवावे. पडद्यावरील बाहुला आपला आपणच धावतो, आणि रिमोटला कळतो तो केवळ हाताचा हिसका; त्यामुळे जो पाहुणा सदरा खोचून, कंबर लववून, दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घामाघूम होत राहतो, त्याच्यावर सोफ्यावर रेलून मनगट हलविणारा यजमान सहज मात करतो. हे पाहुण्याच्या ध्यानी येऊ नये म्हणून मधूनमधून थोड्या धापा टाकाव्या. २००९ साली कंपनीने ‘मोशनप्लस’ नावाचा एक जोड काढला, जो मनगटाचे वळणही बिनचूक टिपतो आणि ज्याच्यासाठी रचलेल्या खेळांत असली लबाडी फारशी खपत नाही. तो घरात असल्यास कुलपात ठेवावा.