बोटाला सापडेल असं कार्ड

चिंचोका हरवला म्हणून कुणी घर डोक्यावर घेत नाही. मायक्रो एसडी कार्डाचा आकार साधारण तेवढाच: लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११, जाडी जेमतेम १. पण गेल्या पावसाळ्यात मामांच्या हातून ते निसटलं आणि घरातली पाच माणसं फरशीवर रांगायला लागली. मामी केरसुणी घेऊन आली तसे मामा कॉटवरून ओरडले, "झाडू नको फिरवू! अख्खे शिवाजी सावंत आहेत त्यात."

सापडलं ते मामांनाच. खाली उतरले, तळवा ओला केला आणि फरशीवरून सावकाश फिरवला. कार्ड तळव्याला चिकटून वर आलं. आम्ही डोळस मंडळी तेव्हा कपाटाखाली बॅटरी मारत होतो.

काचबिंदूनं नजर जायच्या आधी मामा करवीर नगर वाचन मंदिरातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायचे. संस्था १८५० सालची आणि आपणच तिचे सगळ्यात जुने वाचक, असा त्यांचा रुबाब. आता वाचनालय सदऱ्याच्या खिशात आलंय. व्हिक्टर रीडर स्ट्रीम नावाचं, पुस्तकं ऐकवणारं ते यंत्र म्हणजे बटणांचा मोबाइलच म्हणा. फरक इतकाच की यात बटणांनी पानं उलटतात. कोरं कार्ड घातलं की यंत्र आपणहून त्यावर फोल्डर पाडतं आणि प्रत्येकाच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह लावतं. "कादंबऱ्या आजऱ्याच्या आणि कोवाडच्या, कप्पे मात्र डॉलरचे," असं मामा म्हणतात. सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही.

या यंत्राला मुळात मोठं एसडी कार्ड लागतं, ३२ बाय २४ मिलिमीटरचं. मायक्रो कार्ड आणि त्याचं अडॅप्टर हा माझा शहाणपणा. मग रांगण्याच्या त्या प्रकारानंतर आम्ही दोघं राजारामपुरीत नवीन कार्ड आणायला गेलो.

"काका, ह्ये घ्या की. लई फास्ट हाय. फोर के व्हिडिओ काय झकास निघतोय!" दुकानातला पोरगा म्हणाला.

"बाळा, तो व्हिडिओ बघायला माणूस पण तूच देणार काय?"

पोरगा लाजला, पण चूक त्याची एकट्याची नव्हती. कार्ड म्हटलं की आपल्याला वेग आणि जीबी एवढंच सुचतं. वाचणारा माणूस बोलून बोलून किती वेगानं बोलेल? ६४ केबीपीएसचं ध्वनिमुद्रण तासाला २९ एमबीसुद्धा खात नाही. ३२ जीबीत अकराशे तास बसतात. रोज दोन तास ऐकलं तरी दीड वर्ष पुरतं, आणि मामा तर मध्येच घोरायला लागतात. वर ६४ जीबीपासून पुढची कार्डं बहुधा एक्सफॅट पद्धतीनं आखलेली येतात आणि जुन्या यंत्रांना कळते ती फॅट ३२. मोठं कार्ड घालावं आणि यंत्रानं ओळखच दाखवू नये, असं त्यामुळे होतं.

मोठेपणाचा दुसरा धडा मीच मामांना दिला होता. प्रवासात फुटपाथवर एक टीबीचं कार्ड मिसळीच्या दोन प्लेटांच्या भावात मिळालं. असली कार्डं आतून लहानच असतात, फक्त संगणकाला खोटा आकडा सांगतात. खरी जागा संपली की पुढचा मजकूर कुठं जातो देव जाणे. यंत्र पुस्तकाचं नाव सांगायचं आणि पुढं शांतता. मामांनी तीन दिवस यंत्राला शिव्या घातल्या आणि चौथ्या दिवशी मला. आता नवीन कार्ड आधी काठोकाठ भरून, परत वाचून बघतो.

दुकानात मामांनी पाकिटावरचं काहीच विचारलं नाही. कार्ड हातात घेऊन आधी कापलेला कोपरा चाचपला; त्यावरून सुलट-उलट कळतं. मग कडेची कुलपाची पट्टी ढकलून बघितली. ती सैल असली की आत सारताना आपोआप सरकते आणि कार्ड नवीन पुस्तक घ्यायला तयार होत नाही. घट्ट पट्टीचं कार्ड घेतलं, ३२ जीबीचं.

घरी येताना वि. स. खांडेकरांचा विषय निघाला. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती, लेखन दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागे. "आणि वाचायचं झालं तर दुसऱ्याच्या सवडीनं," मामा म्हणाले. एवढंच. मग रंकाळ्यापर्यंत गप्प होते.

कार्डावर खूण म्हणून चिकटपट्टी लावली तर ते खाचेत अडकतं, म्हणून खुणा डबीला. एक रबरबँड म्हणजे कादंबऱ्या, दोन म्हणजे कीर्तनं. तीन रबरबँडच्या डबीत खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं निवेदन आहे, मामांनी स्वतः यंत्रावर टिपलेलं. ते मामीनं एकादशीला चुकून लावलं होतं.

चौथी डबी अजून रिकामी आहे. तुमच्या घरी जुना डिजिटल कॅमेरा धूळ खात पडला असेल तर आतलं कार्ड काढून ठेवा. चार जीबीचं असलं तरी चालेल. फक्त मोठं असू दे, बोटाला सापडणारं.