निधी परत जाईल हो!

"वहिनी, कपडे मागाहून वाळत घाला, आधी इकडं भिंतीपाशी या. काल मी कुठं जाऊन आले सांगू? नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला!"

"अगंबाई! निवडून-बिवडून आलात की काय, ताई?"

"थट्टा पुरे. घरपट्टीच्या हरकतीचा अर्ज द्यायला गेले होते. दर चार वर्षांनी ती कर आकारणी नव्यानं होते ना, त्यात आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडला पक्कं बांधकाम म्हणून धरलंय. कर विभागात गेले, तर खुर्च्या रिकाम्या आणि पंखे चालू. शिपाई म्हणाला, साहेब वर सभेत आहेत, तीनला या. म्हटलं, तीनपर्यंत काय माशा मारत बसू? गेले सरळ वर. दारातल्या माणसानं विचारलं, 'कुणाच्या तर्फे?' मी म्हटलं, 'मतदारांच्या तर्फे.' बाजूला झाला बिचारा."

"असं कुणालाही सोडतात आत?"

"सोडायलाच लागतं," असं पलीकडच्या अंगणातून उत्तर आलं. आमचे अण्णा. नगरपालिकेत सभा-लिपिक म्हणून हयात घालवली, आता जास्वंदीला पाणी घालतात. पण नगरपरिषदेचं नाव निघालं की पाइप तसाच आळ्यात टाकून कुंपणाशी येतात. "१९६५ चा अधिनियम आहे. सभा लोकांना खुली. अध्यक्षांनी एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा ठरवला तर गोष्ट वेगळी. दोन महिन्यांतून एकदा तरी साधारण सभा व्हायलाच हवी, आणि सात पूर्ण दिवस आधी नोटीस. पण येतंय कोण ऐकायला?"

खरंच कुणी नव्हतं. दोन पत्रकार, एक ठेकेदार, चार-पाच नवरे आणि मी.

"नवरे?" वहिनींचे डोळे चमकले.

नगरसेविकांचे हो. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या २०११ पासून. जागा बायकोची, पण शेवटच्या रांगेतली खुर्ची यांची. एक तर हातातली विषयपत्रिका वाचून बायकोला भुवयांनीच सांगत होता, हो म्हण, नाही म्हण. ती बाई मात्र त्याच्याकडं बघतच नव्हती. पण तिचं सांगते नंतर, ती आपल्याच प्रभागाची आहे.

सव्वीस विषय होते पत्रिकेवर. लिपिकानं उभं राहून पहिला विषय वाचला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचलं कुणी नाही, 'कायम, कायम' झालं. दुसरा विषय पंपाच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी देण्याचा. 'मंजूर!'

"कार्योत्तर म्हणजे?"

"खर्च आधी, परवानगी मागून. तुम्ही पैठणी आणता आणि मग भाऊजींना विचारता, घेऊ का म्हणून, तसंच."

वहिनी हसल्या, पण अण्णांना ते लागलं. "तसं नाही ताई. पंप जळाला तर सात दिवसांची नोटीस काढून गाव तहानलेला ठेवायचा का? तातडीच्या कामाला नगराध्यक्षांना कलम ५८(२) चा अधिकार आहे. काम करून घ्यायचं आणि सभेपुढं आणायचं. आता त्या तातडीत नको ते घुसवतात, तो भाग निराळा."

तो निराळा भागच मला जास्त ऐकायचा होता, पण असो. तर असं 'मंजूर, मंजूर' करत चहा यायच्या आत निम्मी पत्रिका उरकली. घंटागाड्यांचा ठेका, पथदिव्यांचं साहित्य, दैनिक बाजार वसुलीचा लिलाव. लाखांचे आकडे नुसते वाचले जात होते. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही आधीच ठरलेलं. एकानं तर आपण कशाला अनुमोदन देतोय हे शेजाऱ्याला विचारलं.

"मग ठरवतात कधी?"

"आदल्या रात्री," अण्णा म्हणाले. "पार्टी मीटिंग होते. गटनेता सांगतो कुठं हात वर करायचा, कुठं गप्प बसायचं. सभेत नुसता शिक्का."

आणि मग आला बाजारपेठेतल्या तिठ्याला नाव देण्याचा विषय. वहिनी, काय सांगू! इतका वेळ मोबाइलमध्ये घुसलेली माणसं एकदम ताठ झाली. तीन नावं, तीन गट. एक म्हणाले चौकाला नाव द्या, दुसरे म्हणाले चौकाला नको, रस्त्याला द्या, तिसरे म्हणाले आधी तो चौक आहे की तिठा ते ठरवा. पाऊण तास! कुणी टेबलावर हात आपटला, कुणी सभात्याग करतो म्हणून उठले आणि चहा आलेला बघून परत बसले. शेवटी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. पण मला एक कळलं, यांना बोलता येत नाही असं मुळीच नाही. घंटागाड्यांच्या ठेक्यावरही बोलता आलं असतं.

"ताई, काही म्हणा, प्रशासक होता तेव्हा ही कटकट नव्हती."

वहिनींचं हे आवडतं मत. चारेक वर्षं आपल्याकडं निवडून आलेलं कुणी नव्हतंच ना. मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षणाचा मामला सर्वोच्च न्यायालयात अडकला, म्हणून निवडणुका लांबत लांबत २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. तोवर मुख्याधिकारीच प्रशासक. सकाळी मुख्याधिकारी म्हणून टिपणी लिहायची आणि दुपारी प्रशासक म्हणून तीच मंजूर करायची. सूचकही तोच, अनुमोदकही तोच, विरोधी पक्षही तोच. कटकट नव्हती हे खरं. पण नळाला तेव्हाही एक दिवसाआडच पाणी यायचं, आणि भांडायला दार कुणाचं ठोठावायचं ते कळत नव्हतं. आता निदान प्रभागात दोन नगरसेवक आहेत, थेट निवडलेला नगराध्यक्ष आहे, रस्त्यात गाठ पडली की मान खाली घालतात तरी.

"बरं, आपल्या प्रभागाचं काय म्हणत होतात?"

"तेच सांगतेय. पत्रिका संपली आणि अध्यक्ष म्हणाले, आता आयत्या वेळचे विषय. त्यात आपली गल्ली! गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत सिमेंट काँक्रीटचा रस्ता."

"अय्या! होणार एकदाचा?"

"ऐका तर."

ती गिरणीवाल्यांची धाकटी सून आठवते ना, आपल्याकडं मतं मागायला आली तेव्हा उंबऱ्यात चप्पल काढून बसली होती ती? ती उभी राहिली. माईक चालू करायचं बटण सापडेना, तर माईकशिवायच बोलली. म्हणाली, "भुयारी गटाराचा पाइप अजून पडलेला नाही. आधी काँक्रीट केलं तर वर्षभरात तेच फोडणार. आधी पाइप, मग रस्ता." मागं नवऱ्याला ठसका लागला. हिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, त्याला दिलंन् नाही.

बांधकाम अभियंता उठले. गटाराचा निधी वेगळा, तो अजून यायचाय. रस्त्याचा आलाय आणि मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाईल. बस्स! 'निधी परत जाईल' म्हटल्यावर सगळं सभागृह हादरलं. सत्ताधारी म्हणे परत जाईल, विरोधी म्हणे परत जाईल, स्वतः नगराध्यक्ष म्हणाले, ताई, निधी परत गेला तर लोकांना तोंड कसं दाखवायचं?

"बरोबरच आहे की त्यांचं!" वहिनी तटकन म्हणाल्या. "मागच्या श्रावणात आमच्या सासूबाई त्याच चिखलात घसरल्या, विसरलात? पाइपाची वाट बघत बसलो तर आणखी दोन पावसाळे जातील. होतोय तर होऊ द्या रस्ता."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, खरंच. चिखल रोज त्यांच्या दारात असतो.

अण्णा मात्र पुढं सरकले. "वहिनी, मूळ दुखणं कुठंय सांगतो. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली. तोवर नाक्यावरचा पैसा रोख हातात यायचा, आपली गरज बघून खर्च करता यायचा. आता घरपट्टी-पाणीपट्टीवर गाव चालत नाही, सगळी भिस्त वरून येणाऱ्या अनुदानावर. आणि प्रत्येक अनुदानाच्या गळ्यात चिठ्ठी, मला अमुकच कामाला वापरा. पंधराव्या वित्त आयोगाचंच बघा, आपल्यासारख्या लहान शहरांना दिलेल्या पैशातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी, सांडपाणी, कचरा यांवरच खर्चायचे. रस्त्याचा पैसा दुसऱ्या खिशातला. दोन्ही खिसे एका वेळी भरत नाहीत, म्हणून जो आधी भरला त्याचं काम आधी. रस्ता आधी आणि गटार नंतर, हा इंजिनिअरचा वेडेपणा नसतो, हिशेबाच्या वह्या वेगळ्या असतात."

"म्हणजे पैसा परत जातो हे खरंच?"

"कधी जातो, कधी जात नाही. प्रत्येक निधीची मुदत त्याच्या मंजुरी आदेशात लिहिलेली असते. आदेश वाचायचा. कधीकधी मुदतवाढही मिळते. माझ्या नोकरीत 'निधी परत जाईल' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, पण आदेश दाखवा म्हणणारा सभासद विरळा."

"तिनं म्हटलं ना!" मी जवळजवळ ओरडलेच. "तीच म्हणाली, आदेश पटलावर ठेवा, तारीख बघू. अभियंत्यांनी फाइल चाळली, मग म्हणाले, आदेश खाली कार्यालयात आहे. ती म्हणाली, मग शिपायाला पाठवा, आम्ही थांबतो. चौकाच्या नावासाठी पाऊण तास थांबणारी माणसं, वहिनी, त्या कागदासाठी पाच मिनिटं थांबायला तयार होईनात. 'मतदान घ्या, मतदान घ्या' सुरू झालं."

मतदानात तर गंमतच. एका स्वीकृत सदस्यानं उत्साहानं हात वर केला. लिपिक धावत गेला आणि कानात सांगितलं की आपल्याला चर्चेत भाग घेता येतो, मत देता येत नाही. त्यांनी तो हात तसाच डोक्यावरून फिरवून केस नीट केले. विषय बहुमतानं मंजूर. विरोधात तीन हात. आणि ती म्हणाली, "माझा विरोध कारणासकट नोंदवा." आवाज थरथरत होता, पण म्हणाली.

"काय उपयोग?" वहिनी म्हणाल्या. "मंजूर तर झालाच."

अण्णांनी पाइप बंद केला. एवढ्यावरूनच मी ओळखलं, आता लांबचं काहीतरी निघणार. "१८८० साली लॉर्ड लिटन पुण्यात येणार होता. नगरपालिकेनं त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा विषय आणला. बत्तीस सभासद. एकट्या जोतिराव फुल्यांनी विरोध केला, हा पैसा शिक्षणाला लावा म्हणाले. ठराव मंजूरच झाला. पण बाकीच्या एकतीस जणांतली किती नावं तुम्हाला ठाऊक आहेत?"

फुल्यांची सर कुणाला, हे अण्णांनाही कळतं. पण गिरणीवाल्यांची सून पहिल्याच खेपेला त्या रांगेत जाऊन उभी राहिली, हे मला आवडलं. वहिनी गप्प झाल्या, म्हणजे त्यांनाही आवडलं असणार. तसं कबूल करायच्या नाहीत.

"आणि उपयोग म्हणाल तर तोही आहे," अण्णांनी व्यवहाराचं सांगितलं. "एखादा ठराव कायद्याला धरून नाही किंवा लोकहिताला बाधक आहे असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं, तर कलम ३०८ खाली ते त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तिथं जायचं तर हातात कागद हवा. आणि कागदावर विरोध, कारण आणि मागितलेला आदेश हे तिन्ही उतरलेलं हवं. बोललेलं हवेत जातं, इतिवृत्तात लिहिलेलं राहतं. मी तीस-बत्तीस वर्षं तेच लिहिलंय. कोण काय बोललं नाही ते लिहा आणि बोललं ते गाळा, अशा सूचना कमी नाही आल्या."

"मग? लिहिलंत?"

अण्णा पुन्हा जास्वंदीकडं वळले. काही प्रश्नांना निवृत्तीनंतरही उत्तर नसतं.

तीनला खाली जाऊन मी माझ्या शेडचा अर्ज दिला, पोच घेतल्याशिवाय हलले नाही. साहेब अजून आलेच नव्हते.

पण वहिनी, एक करू या. रस्ता आधी व्हावा असं तुम्हाला वाटतं, पाइप आधी पडावा असं मला. तो आदेश काय म्हणतो ते दोघींनाही माहीत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, नकलेला पानामागं २ रुपये. अर्ज मी लिहिते, सही दोघींची. आदेशात मुदत खरंच मार्चअखेर असली, तर मी तोंड मिटून नारळ फोडायला येईन. नसली, तर तुम्ही माझ्याबरोबर जिल्ह्याच्या गावाला यायचं.

आणि पुढची सभा लागली की नोटीस फलकावर येईल. पहिला विषय पुन्हा तोच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आपल्याला तिथं बोलता येत नाही, पण बसता येतं. तिचा विरोध कारणासकट लिहिलाय का, ते ऐकायचंय. सकाळी अकराची वेळ असते. स्वयंपाक लवकर उरका, रिक्षाचे पैसे मी देते.