व्हिजिटवर माणसं पाठवणाऱ्या एजंटसाहेबांस

एजंटसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत लिहिलेलं आहे आणि पुढचं काम त्यांचं आहे. शिवाय एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात विमानाचं चित्र लावून बसणारे तुम्ही एकटे नाही. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, तुमचा भाऊबंद सापडतोच. हे पत्र आपल्यालाच आहे असं ज्याला वाटेल, त्याला ते आहे असं समजावं.

आमच्या वाडीतला जो मुलगा तुम्ही २०२४च्या फेब्रुवारीत शारजाला पाठवलात, त्याचे कागद माझ्याकडे आहेत. गावातल्यांचे अर्ज-विनंत्या लिहून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे असल्यामुळे त्याची आई ती पिशवी घेऊन माझ्याकडेच आली. पिशवीत काय होतं सांगतो. व्हिसाची झेरॉक्स, तीवर प्रकार छापलेला : टुरिस्ट, ६० दिवस. परतीच्या तिकिटाची प्रिंट. एका हॉटेलचं बुकिंग, जिथे तो एक रात्रही राहिला नाही. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनने ‘९० मिळाले’ आणि खाली तुमची सही म्हणून एक गिरगोटा. नव्वद हजारांची ही पावती! त्यातले चाळीस हजार बचत गटाच्या कर्जाचे होते, उरलेले तिच्या बांगड्या गहाण टाकून आले होते.

नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त किती घेता येतात, हे तुम्हाला पाठ असणार. तीस हजार आणि त्यावर जीएसटी. त्याची रीतसर पावती द्यायची. पाटीवर, जाहिरातीत परवाना क्रमांक लिहायचा. तुमच्या पाटीवर विमान आहे, बुर्ज खलिफा आहे, दोन मोबाइल नंबर आहेत. परवान्याचा क्रमांक तेवढा नाही, कारण परवानाच नाही.

तुमची खरी कारागिरी मात्र यापुढे सुरू होते, आणि तीच मला चारचौघांत उलगडून सांगायची आहे. मुलगा नववीपर्यंत शिकलेला. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरची (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असते. असा माणूस आखातासह ठरावीक १८ देशांत कामासाठी निघाला, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. मुंबईत हे ऑफिस आहे. मंजुरीसाठी मालकाचा करार दाखवावा लागतो, पगाराचा आकडा लिहावा लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर सगळी नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. हे सगळं १९८३च्या उत्प्रवास कायद्याने उभं केलेलं आहे. त्यात दिरंगाई आहे, चकरा आहेत, मला मान्य आहे. पण ते कुंपण अशाच मुलासाठी घातलेलं आहे. तोच माणूस फिरायला निघाला आणि हातात परतीचं तिकीट असलं, की ही मंजुरी लागत नाही. कुंपणातलं हे छिद्र तुम्हाला सापडलं आणि आजवर किती पोरं तुम्ही त्यातून बाहेर ढकललीत, ते तुमच्या वहीलाच माहीत.

विमानतळावर विचारलं तर ‘मामाकडे फिरायला चाललोय’ असं सांगायचं, हे तुम्ही त्याच्याकडून घोकून घेतलंत. मुंबईच्या पलीकडे कधी न गेलेल्या, हाताला चुन्याच्या भेगा पडलेल्या गवंड्याच्या पोराला तुम्ही पर्यटक केलंत. तो उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट रद्द करून पैसे खिशात घातलेत. तो कुठे जाणार, काय करणार, कुणाच्या भरवशावर राहणार, याची नोंद आपल्या देशाच्या कुठल्याही दप्तरात झाली नाही. २७५ रुपयांचा विमासुद्धा नाही. परांचीवरून पडून मेला असता, तर त्याच्या आईला काय मिळालं असतं? ते कॅलेंडरचं पान.

‘तिथे गेल्यावर स्टेटस चेंज होतो’ हे तुमचं आवडतं वाक्य. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून तर ते चालतं. अमिरातीत व्हिजिटवर आलेल्याला मालकाने वर्क परमिट काढून दिलं, तर देशाबाहेर न जाता व्हिसा बदलून मिळतो. अनेकांचं तसं झालेलंही आहे. पण त्यासाठी मालक लागतो. तुम्ही त्याला मालकाकडे पाठवलंच नव्हतं. मजूर पुरवणाऱ्या एका सप्लायवाल्याकडे पाठवलं होतंत, ज्याने पहिल्याच संध्याकाळी पासपोर्ट काढून घेतला आणि एका खोलीतल्या बाराव्या बेडवर त्याची पिशवी टाकली. पासपोर्ट असा ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही गुन्हा आहे. पण ज्याचे कागद धड नाहीत तो कुणाकडे दाद मागणार? सांगितलेला पगार १,८०० दिरहम, हातात पडले ९००. करार नाही, म्हणून कामगार कोर्ट नाही. कार्ड नाही, म्हणून दवाखाना नाही.

साठ दिवस एप्रिलमध्ये संपले. पुढचा हिशेब तुम्ही त्याला कधी सांगितला नाहीत, तो मी मांडतो. ऑक्टोबर २०२२पासून अमिरातीत मुदतीनंतर राहणाऱ्याला दिवसाला ५० दिरहम दंड आहे. व्हिजिट असो वा रेसिडेन्सी, दर एकच. महिन्याचे झाले १,५००. मुलगा कमवत होता ९००. म्हणजे त्याने पाणीसुद्धा विकत न घेता, घरी एक पैसा न पाठवता सगळा पगार बाजूला ठेवला असता, तरी दर महिन्याला तो सहाशे दिरहमने खोल जात होता. सात महिन्यांत साडेदहा हजार दिरहम, आपले दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. रोज सकाळी सहाला गाडीत बसून उन्हात प्लास्टर करायला जाणारा माणूस दिवस मावळेपर्यंत आदल्या दिवसापेक्षा जास्त कर्जबाजारी झालेला असायचा. वर ज्या ट्रॅव्हल कंपनीच्या नावावर व्हिसा निघतो ती आपली मान सोडवायला अशा माणसाची फरार म्हणून नोंद करते, मग घरी परतायची वाटही बंद होते. तिकडे अशा माणसाला सगळे खल्लीवल्ली म्हणतात. पोलिसांची गाडी दिसली की तो गल्ली बदलतो. ईदच्या सुट्टीतसुद्धा खोलीबाहेर पडत नाही.

मी अमिरातीच्या सरकारवर रागावलेलो नाही. कुणाला किती दिवस राहू द्यायचं हे ठरवायचा प्रत्येक देशाला हक्क आहे, आणि त्यांनी आपला नियम लपवून ठेवलेला नाही. उलट तिथल्या सरकारने तुमच्यासारख्यांच्या जोडीदारांनाही धरलं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांनी कायदा दुरुस्त केला. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवला, किंवा बोलावून काम न देता वाऱ्यावर सोडला, तर मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड. आपल्याकडे १९८३च्या कायद्यात तुमच्यासाठी काय आहे? जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दोन हजार रुपये दंड. दोन हजार! एका मुलाच्या नव्वद हजारांतून पंचेचाळीस वेळा भरता येईल इतका. दिल्लीत बसलेल्यांनी हा आकडा चाळीस वर्षांत बदलू नये, याचीही मला तुमची आहे तितकीच चीड आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. पैसे खाल्लेत, खोटं बोललात, असं करणारे पुष्कळ आहेत. पण १ सप्टेंबर २०२४पासून अमिरातीने माफी योजना सुरू केली. ज्यांची मुदत उलटली त्यांनी पुढे यावं, सगळा दंड माफ, परत येण्यावर बंदी नाही, आणि कुणी नोकरी देत असेल तर तिथेच कागद नीट करून घ्यावेत. ही मुदत आधी ३१ ऑक्टोबरपर्यंत होती, ती वाढवून ३१ डिसेंबर केली. दुबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासाने मदतीचे काउंटर उघडले, पासपोर्ट नसलेल्यांना आउटपास, म्हणजे परतीपुरते कागद, दिले. चार महिने दार सताड उघडं होतं. मुलाने तुम्हाला फोन केला. तुम्ही काय सांगितलंत? ‘जाऊ नकोस, हा सापळा आहे. गेलास की आत टाकतील, डोळे स्कॅन करतील, जन्मभर बंदी.’ व्हॉइस मेसेज आहे, माझ्या मोबाइलमध्येही आहे, पोलिसांनाही दिलेला आहे. तुमचा आवाज त्यात फार मायेचा लागला आहे.

एवढी काळजी त्याला पाठवताना का घेतली नाहीत, एजंटसाहेब? तो परत येणं तुम्हाला नको होतं, कारण आला असता तर स्टँडसमोर उभा राहून नव्वद हजार मागितले असते. तो तिकडे लपून राहील तोवर इकडे तुमचा गाळा सुखरूप. स्वतःचे पैसे वाचवायला तुम्ही एका माणसाला सुटकेच्या दारातून मागे खेचलंत. याला फसवणूक म्हणणं मला फार सौम्य वाटतं.

आमचा मुलगा वाचला, त्याचं श्रेय खोलीतल्या मलबारी सुताराला. त्याने तुमचा मेसेज ऐकला, एक शिवी हासडली आणि शुक्रवारी मुलाला घेऊन स्वतः माफीच्या केंद्रावर गेला. तिकिटासाठी खोलीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढली. नोव्हेंबरच्या शेवटी मुलगा घरी आला, दंड माफ, बंदी नाही. त्याच खोलीत तुमच्याच साखळीतून आलेला परभणीकडचा एक गवंडी होता. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला, तो गेला नाही. डिसेंबर संपला. जानेवारी २०२५मध्ये तपासणीच्या मोहिमा निघाल्या आणि त्या एका महिन्यात सहा हजारांहून अधिक माणसं धरली गेली. त्यात तो सापडला. कोठडी, डोळ्यांची आणि बोटांची नोंद, हद्दपारी. त्या देशाचं दार त्याच्यासाठी बंद झालं. तो उत्तम टाइल बसवतो असं आमचा मुलगा सांगतो. रीतसर व्हिसावर गेला असता तर दहा वर्षं मानाने कमावून आला असता.

मुलं स्वतःच्या पायांनी माझ्याकडे येतात, असं तुम्ही चारचौघांत म्हणता. येतात, खरं आहे. इथे सहा महिने काम असतं आणि सहा महिने नसतं. काजूला भाव नाही आणि शेजारच्या घराला दुबईच्या पैशाने स्लॅब पडलेला दिसतो. पन्नास वर्षांत आखाताच्या पैशाने इकडच्या किती घरांवर कौलं जाऊन स्लॅब आले, ते मी पाहिलं आहे. म्हणून जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही मात्र या गरजेचाच धंदा मांडलात. आणि आम्ही गावाने काय केलं? तुम्ही उत्सवाला पाच हजारांची देणगी दिलीत, तुमचं नाव माइकवरून पुकारलं, पूजेला पुढच्या रांगेत बसवलं. त्या मुलाची आई मागे चपलांपाशी बसली होती. या वर्षी तुमची देणगी घ्यायची नाही, असा ठराव मी वाडीच्या बैठकीत मांडला आणि तो मंजूर झाला. कळवायचं राहिलं होतं, ते या पत्राने कळवतो.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा आम्हाला ‘हा पैशाचा आपसातला व्यवहार आहे’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा आम्ही कायदा घेऊन गेलो. तक्रार आता घेतली आहे. तुम्ही निरोप पाठवलात की चाळीस हजार देतो, मिटवून टाका. मिटणार नाही. नव्वदच्या नव्वद हजार बँकेतून, मुलाच्या आईच्या खात्यावर, आणि तक्रार तरीही तशीच राहील.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. घरातलं कुणी आखातात निघालं असेल, तर एजंटाचा परवाना क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर तपासा. परवाना नसलेल्या तीन हजारांहून अधिक एजंटांची यादीही सरकारने जाहीर केलेली आहे. हातात टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसा पडला आणि तोंडाने नोकरी सांगितली, तर पैसे देऊ नका, दिले असतील तर परत मागा. आधीच तिकडे अडकलेल्यासाठी दुबईत प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे, फोन ८००४६३४२. मुदत उलटली असली तरी तिथे फोन करा, एजंटाला नको. आणि १९८३च्या कायद्याखाली एजंटावर खटला भरायला एरवी केंद्र सरकारची मंजुरी लागते, पण गेलेला माणूस स्वतः किंवा त्याचे आईवडील, बायको, मुलं, भाऊ, बहीण यांपैकी कुणी तक्रार केली तर ती लागत नाही. तेव्हा गप्प बसू नका, तक्रार करा.

कळावे,
वाडीतला एक अर्ज लिहिणारा