मुक्तीचा मार्ग, व्हाया निपाणी

दर नोव्हेंबरात गोव्यातल्या वागातोरला बुलेटवाल्यांचा मेळा भरतो. पूर्वीचा रायडर मेनिया, २०२३ पासून मोटोव्हर्स. त्यासाठी पुण्याहून प्रस्थान ठेवणाऱ्या मुक्तात्म्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. चाकोरी एकट्याने मोडत नाही. त्याला एकसारखी जाकिटे, व्हॉट्सअ‍ॅपवरची नियमावली आणि म्होरक्याला ओव्हरटेक न करण्याची शपथ लागते. पहाटे चारला बदललेला सायलेन्सर गर्जतो, तेव्हा सारी सोसायटी निरोपाला जागी होते, तान्ह्या बाळांसकट.

सुमारे साडेचारशे किलोमीटरच्या या वनवासात सामान मागून टेम्पोत येते. मेकॅनिकही त्यातच. आंबोली घाटात निसर्गाशी एकरूप होण्यापूर्वी हेल्मेटवरचा कॅमेरा चालू असल्याची खात्री करावी. नसल्यास घाट पुन्हा चढून पुन्हा एकरूप व्हावे.

एवढ्यात तसल्याच ३५० सीसीवर, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून, पायात स्लीपर घातलेला एक इसम सर्वांना मागे टाकून जातो. त्याला साहसातले काय कळणार? तो रोज जातो.

एक नम्र सूचना: सोमवारी ऑफिस असल्याने परतताना गाड्याही टेम्पोत चढवाव्यात व मुक्तात्म्यांनी एसी स्लीपरने यावे. फक्त जाकीट काढू नये. टेम्पोवाल्याला मात्र रायडर म्हणता येणार नाही. तो नुसताच गाडी चालवतो.