पोटलीत काय घालायचं?

मुंबईतल्या मुस्लिम लग्नघरात बिर्याणीचा निकाल पाच मिनिटांत लागतो. बावर्ची वर्षानुवर्षांचा ठरलेला. तो ‘किती देगा?’ एवढंच विचारतो आणि चहा पिऊन निघून जातो. खरी बैठक बसते ती पाहुण्यांच्या हातात ठेवायच्या मिठाईवरून. तिला खाला, फुफी, दोन्हीकडच्या वहिन्या आणि कुणीही न बोलावलेले एक शेजारी हजर असतात. रात्री साडेअकराला ती ‘उद्या बघू’ या ठरावावर तहकूब होते.

वास्तविक यावर जुनं, तयार उत्तर आहे: छुहारे. काझीसाहेबांचा खुतबा, इजाब-कबूल, मग दुआ, आणि शेवटचं ‘आमीन’ विरतं न विरतं तोच छुहारे उधळले जायचे. पोरं सतरंजीवर पालथी पडून ते गोळा करायची आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या बुजुर्गाच्या कपाळाला टेंगूळ यायचं. वाळलेली खारीक नेम धरून मारावी लागत नाही, आपोआप लागते. हल्ली बऱ्याच ठिकाणी उधळण्याऐवजी जाळीच्या पोटल्या वाटतात: चार-पाच छुहारे, थोडे बदाम, खडीसाखर. बुजुर्गांनी या सुधारणेला कुठे विरोध केल्याचं ऐकिवात नाही.

पोटलीला विरोध असतो तो नवरीच्या धाकट्या बहिणीचा. ‘छुहारे कोण खातं आजकाल?’ म्हणत ती मोबाइल पुढे करते. त्यात तुर्कस्तान असतो. तिकडे ‘निकाह शेकेरी’ देतात: साखरेत घोळवलेले बदाम, झिरझिरीत कापडात, रिबीन बांधून. बोट जरा सरकवलं की मलेशिया. मलय लग्नात पाहुण्याला ‘बुंगा तेलुर’ द्यायची रीत आहे, म्हणजे कृत्रिम फुलाच्या जोडीनं उकडलेलं अंडं, वंश वाढावा म्हणून. आता तिथेही पुष्कळदा अंड्याची जागा चॉकलेटनं आणि केकनं घेतली आहे. दादी चष्मा वर करून फोटो बघतात. ‘निकाहात अंडं? तोबा!’

आणि पुढच्याच दमात त्या अफलातून सुचवतात. अफलातूनमध्ये अंडी असतात.

मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीपाशी सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांचं 1936 सालापासूनचं दुकान या मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. मावा, रवा, अंडी, साखर, सुकामेवा आणि तूप. तूप किती, हे खोक्याच्या कागदावरूनच कळतं. चवीला तिच्याबद्दल दोन मतं नाहीत, पण पाहुण्यांच्या यादीत समोरच्या ब्लॉकमधलं जैन कुटुंब असतं, नवरीच्या ऑफिसातले शाकाहारी साहेब असतात, आणि आपल्याकडचा कायदा अंड्याला मांसाहाराच्या खात्यात धरतो. मग काजूकतली घ्यावी, तर तिच्यावर वर्ख. चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटत. 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्खात प्राणिज काही नको, असा नियम काढला. तरीही कतली हातात घेऊन तिची कुळकथा विचारणारा एखादा पाहुणा निघतोच, आणि तो नेमका वरपक्षाकडून आलेला असतो.

चॉकलेट आणि जेलीच्या गोळ्यांना वेगळी परीक्षा. ब्रिटनमधल्या लग्नघरांना ती जास्त छळते, कारण तिथल्या जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन पुष्कळदा डुकराचं असतं. तिथे हलाल जिलेटिनच्या गोळ्या शोधाव्या लागतात. इथे हे काम हिरवा ठिपका करतो. शाकाहाऱ्यांसाठी काढलेली ही खूण कामाला येते ती बिर्याणीच्या देगा मोजणाऱ्या घराला! तेवढ्यानं भागत मात्र नाही. ठिपका दारूबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून महागड्या चॉकलेटच्या पोटात रम तर नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचावं लागतं. हे काम घरातल्या बारावी सायन्सच्या मुलाकडे येतं. तो 120 क्रमांकाचा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात, हे सांगून सगळ्यांची भूक मारतो.

चाळणीतून मग खजूर उरतो. अजवा दिला तर मदिनेचा म्हणून मान मिळतो, पण भाव ऐकून मुलीचे अब्बा पाहुण्यांची यादी पुन्हा तपासायला बसतात. इराणी किमिया मऊ, रसाळ, स्वस्तही, पण त्याला फ्रिज लागतो. मे महिना, हॉलमधला एसी बेभरवशाचा, आणि रेशमी शेरवानीच्या खिशात दोन किमिया: लाँड्रीचा खर्च कुणी द्यायचा? माव्याचे पेढे तर उकाड्यात दुसऱ्या दिवसाची खात्री देत नाहीत.

छुहारा यातल्या एकाही चाचणीत नापास होत नाही. हलाल, शाकाहारी, जैनांना चालणारा, उपासालाही चालणारा, महिनोन्‌महिने टिकणारा, न वितळणारा. हिशेबही सोपा. किलोत साधारण शंभर बसतात. पाचशे पोटल्या, प्रत्येकीत पाच, म्हणजे पंचवीस किलो. मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात ते एका फेरीत होतं. जाळी, रिबीन आणि सोनेरी चिठ्ठी घ्यायला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला गेलं की मात्र आतल्या मालापेक्षा वेष्टण महाग पडतं, हे समजतं. तिथे धाकटीचं समाधान होतं. रिबिनीचा रंग तिच्या घागऱ्याशी जुळतो, त्यामुळे छुहाऱ्यांना तिची मंजुरी मिळते.

राहिला प्रश्न तिनंच विचारलेला: खातं कोण? लग्नाच्या रात्री फारसं कुणी खात नाही. पोटली पर्समध्ये जाते, तिथून कपाटात, तिथून स्वयंपाकघरातल्या बरणीत. पाहुण्यांपैकी अर्ध्या घरांत ती थेट ईदच्या आदल्या रात्री सापडते. छुहारे भिजत पडतात, सकाळी त्यांच्या लांबट कापा होतात, दूध उकळतं, शेवया पडतात. शीरखुर्म्याच्या वाट्या वाटताना कुणीतरी विचारतं, ‘हे छुहारे कुणाच्या लग्नातले?’ आणि चार लग्नांची नावं निघतात.