तुकोबांना साक्षीला बोलावताना

पांढुर्णा-सौंसरकडच्या पोरांना निबंधात दाखले द्यायची फार सोय आहे. शाळेत हिंदीच्या तासाला कबीर, रहीम, तुलसीदास. घरी आजीच्या तोंडी तुकोबा. आणि गावच्या भजनी मंडळात तुकडोजी महाराज. १९५६ साली नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातूनही निघून त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. या वाटण्यांत संतांना मात्र कोणी हात लावला नाही. त्यामुळे मुद्दा कोणताही असो, दोन भाषांतले साक्षीदार हाताशी हजर.

पण या साक्षीदारांचे हाल बघवत नाहीत. त्यांना बोलावतात, एक वाक्य बोलून घेतात आणि लगेच घरी पाठवतात. उलटतपासणी नावाला नाही. वृक्षारोपणावरच्या निबंधात तुकोबांचा झाडा-वेलींचा अभंग असतोच असतो. आता तो अभंग पुढे वाचला, तर तुकोबा सांगतात की मला एकांत आवडू लागला आहे आणि इथे माझा वाद माझ्याशीच चालतो. यात खड्डे खणणे कुठे आले? उलट, रोपाशेजारी उभे राहून फोटो काढणाऱ्यांची गर्दी त्या एकांतात सर्वांत आधी खुपली असती. मात्र गुण मिळतात. तपासणारा मास्तरही अभंगाची पहिली ओळ बघून बरोबरची खूण करतो आणि पुढे सरकतो.

गोटमारीवरचा निबंध म्हणजे तर कहर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधे गोट्यांचा वर्षाव. दरवर्षी कितीतरी डोकी फुटतात. प्रशासनाने रबरी चेंडूही देऊन पाहिले, पण राजेहो, गोट्याची हौस चेंडूवर कशी भागणार?

या विषयावर बाजूने लिहिणारा आणि विरोधात लिहिणारा, दोघेही तुकोबांचा एकच अभंग काढतात. मूर्तीही दगडाची आणि पायरीही दगडाची, एकीची पूजा होते आणि दुसरीवर पाय पडतो, असा तो अभंग. विरोधक इथेच थांबतो: बघा, दगड शेवटी दगडच, मग कसली आली परंपरा? समर्थक एक ओळ पुढे जातो, तिथे खरे सार भावात आहे असे म्हटले आहे. म्हणजे आमचा भाव महत्त्वाचा, गोटा निमित्तमात्र! दोघांचेही निबंध छान वळणदार अक्षरात आणि दोघांनाही शाबासकी.

शेवटच्या चरणापर्यंत कोणीच जात नाही. तिथे तुकोबा म्हणतात की ही भाविकांची आतली खूण झाली; बाकीच्यांनी धर्म कोणता, अधर्म कोणता याचा विचार करावा. समर्थकाची खरी अडचण इथे होते. समोरच्या काठावरच्या सोयऱ्याकडे गोटा भिरकावताना मनात देव होता, हे आता त्याला सिद्ध करावे लागेल. ते जमले नाही तर तो बाकीच्यांत, आणि मग धर्माधर्माचा हिशेब सुरू. विरोधकाचीही सुटका नाही, कारण ज्या भावाला तो हसतो त्यालाच अभंगाने सार म्हटले आहे. माझे मत विचाराल तर पारडे विरोधकाकडे झुकते. अभंगातला एक दगड पूजेचा, एक पायाखालचा. कपाळाकडे निघालेला तिसरा दगड तुकोबांनी कुठे धरलेलाच नाही.

तेव्हा यंदाच्या पोळ्याला गोटमारीवर लिहिणाऱ्या पोरांना एवढीच विनंती, की सुविचाराच्या फळ्यावरची ओळ उचलू नका. आपल्याकडे बऱ्याच माळकऱ्यांच्या घरी गाथा असते, मागितली तर आनंदाने देतात. त्यातला तो अभंग पूर्ण वाचा. आहेच केवढा, चार-पाच ओळींचा.