जीटीए सहाची वाट कशी पाहावी: पाटसकर नवशिक्यांसाठी

पाटसच्या टोलनाक्याच्या अलीकडं चहाच्या टपरीवर संध्याकाळी जो घोळका दिसतो, तो उसाच्या दरावरून भांडतोय असं नवख्याला वाटतं. निम्मे खरोखरच त्यावर भांडत असतात. उरलेले 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागावर. आवाज दोघांचा सारखाच चढतो, शिव्याही त्याच. 'पहिली उचल' कानावर आलं तर ऊस, 'पहिला ट्रेलर' आलं तर गेम, एवढी खूण लक्षात ठेवावी आणि योग्य बाकावर बसावं.

बसायला पात्रता काही लागत नाही. गेम चालेल असं यंत्र घरी असण्याची तर अजिबातच अट नाही. रॉकस्टार कंपनीनं सहावा भाग फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर केलाय. त्यातलं प्लेस्टेशन ५० हजारांच्या पुढं जातं, आणि तेवढ्या पैशात घरचे आधी ठिबकचं बघतात. बाकावरच्या जुन्या मंडळींचं सगळं भांडवल म्हणजे तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत खेळलेली २००२ सालची व्हाइस सिटी. वहीच्या शेवटच्या पानावर चीटकोड लिहिलेले असायचे. 'पँझर' टाइप केलं की रस्त्यात रणगाडा उभा, 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की पोलीस माघारी. इंग्रजीच्या पेपरात काठावर पास झालेल्यांचीही ही स्पेलिंगं आजतागायत चुकत नाहीत. सहावा भाग पुन्हा त्याच व्हाइस सिटीत घडणार, एवढ्यावरच हे लोक तुमच्यापेक्षा ज्येष्ठ ठरतात. त्यांना 'दादा' म्हणावं आणि चहाचे पैसे आपण द्यावेत.

मग तारखा पाठ कराव्यात. पहिला ट्रेलर आपल्याकडं ५ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आला. तो कुणीतरी फोडला म्हणून कंपनीनं ठरल्या वेळेआधीच सोडून दिला. त्यात नुसतं '२०२५' लिहिलं होतं. पुढं '२०२५ च्या शरद ऋतूत' असं कळलं. २ मे २०२५ ला सांगितलं की २६ मे २०२६, आणि चारच दिवसांत दुसरा ट्रेलर देऊन लोकांची तोंडं बंद केली. ६ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा पुढं ढकललं: १९ नोव्हेंबर २०२६. हे सगळं एका दमात म्हणता आलं पाहिजे. मध्ये अडखळलात तर तुम्ही मोबाइलवर खेळणारे फ्री फायरवाले ठरता, आणि तो शिक्का पुसता पुसत नाही.

नुसत्या तारखा सांगून मात्र भागत नाही, त्यामागचं कारणही द्यावं लागतं. कंपनी म्हणते, काम अजून नीट करायचंय. बाकावर हे कुणी मानत नाही. इथलं ग्राह्य मत असं, की २६ मे २०२६ हा दिवस अधिक ज्येष्ठात पडत होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवतात, नवं काम काढत नाहीत. अमेरिकेत कुणीतरी उशिरा का होईना पंचांग उघडलं असणार. १९ नोव्हेंबरवरही आक्षेप आहेच. तो गुरुवार, म्हणजे देव उठायच्या आदल्या दिवशीची तारीख. एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? हसू नका. २०२४ साली परदेशातल्या चाहत्यांनी रॉकस्टारच्या चित्रांतल्या चंद्राच्या कला मोजून दुसऱ्या ट्रेलरचा दिवस काढला होता, आणि तो सपशेल चुकला. आपल्याकडं निदान तिथी तरी बरोबर असते.

तारीख पुढं गेली म्हणून पाटसमध्ये रडारड होत नाही, त्याचं श्रेय भीमा सहकारी साखर कारखान्याला द्यायला हवं. हा कारखाना काही हंगाम बंद होता, नंतर भाडेतत्त्वावर सुरू झाला. 'यंदा बॉयलर पेटणार' ही बातमी ज्यांनी सालोसाल ऐकली, त्यांना न्यूयॉर्कहून आलेली 'पुढच्या वर्षी' ही बातमी अगदी घरच्यासारखी वाटते.

इथपर्यंतचं ज्ञान वरवंड-यवतलाही मिळेल. आता पाटसकराला शोभणारा विषय घ्यावा. गेममधल्या लिओनिडा नावाच्या राज्यात अँब्रोझिया म्हणून एक भाग आहे आणि तिथं 'अलाइड क्रिस्टल' नावाचा साखर कारखाना आहे. ही अफवा नाही, रॉकस्टारनं स्वतः दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी सांगितलंय. कारखाना लोकांना काम देतो आणि गावाला बाकी जे काही लागतं ते मोटारसायकलवाल्यांची एक टोळी पुरवते, असंही कंपनीचंच म्हणणं. ही माहिती उसाच्या बाकावर पहिल्यांदा पोचली तेव्हा तिथल्या अण्णांनी कप खाली ठेवला.

"तिथं काटा मारत्यात का?"

"ते अजून सांगितलं नाही, अण्णा."

"चेअरमन कोण हाय?"

"टोळी हाय एक. गाड्यांवर फिरणारी."

"मग पॅनेल त्यांचंच निवडून येणार," असं म्हणून अण्णांनी कप उचलला.

त्या दिवसापासून दोन्ही बाक जोडले गेले. लुसिया आणि जेसन या नायक-नायिकेचं काय होणार, याची उसाच्या बाकाला फिकीर नाही. त्यांचे प्रश्न वेगळे. गव्हाणीपुढं रांग लागणार का? ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडता येतील का, आणि टेप लावता येईल का? तोडणी टोळीनं की हार्वेस्टरनं? लिओनिडा म्हणजे फ्लोरिडा हे धरून चाललं, तर इथं नवशिक्यानं अभ्यास करून यावं: फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराच्या भोवती ऊस आहे, तोडणीआधी ते फड पेटवून पाचट जाळतात आणि मग यंत्र घालतात. हे सांगितलंत की बाकावर एकदम शांतता होते, कारण आपल्याकडं जळीत ऊस म्हटला की बिलात कपात. "म्हंजे तिकडं समदाच ऊस जळका?" हा प्रश्न येईल. उत्तर देऊ नये, मान हलवावी. यावरून गेममध्ये फड पेटवल्यास पोलीस मागं लागतील की कारखान्याचा शेतकी अधिकारी, हा वाद सुरू होईल. तो कितीही दिवस चालला तरी थांबवायचा नाही.

इतर वाद किरकोळ आहेत. सेकंदाला ३० फ्रेम की ६०, यावर जो जोरात बोलतो त्याच्या मोबाइलची काच फुटलेली असते, एवढं पाहून ठेवावं. किंमत १०० डॉलर असेल म्हणणाऱ्याला रुपयांत हिशेब करायला लावावा, तो गप्प होतो. खबर कुठून आणली असं कुणी विचारलंच तर "बंगळूरचा एक पाहुणा" म्हणावं. रॉकस्टारचं बंगळूरला खरोखरच कार्यालय आहे, त्यामुळं खोडून काढायला जागा राहत नाही.

एक विषय मात्र काढू नये, मी काढून पाहिलाय. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, त्याचा पुढचा भाग 'राजी: कलियुग' म्हणून जाहीर झालाय. करणारी माणसं इथून दीड-दोन तासांवर. बाकावर कुणालाही त्याची तारीख विचारा, सगळे महामार्गाकडं बघायला लागतात. ज्याची वाट आख्खं जग पाहतंय त्याचीच पाहण्यात मजा, शेजारच्याची कोण पाहणार? मला हे पटत नाही, पण मत देऊन चहा बंद करून घ्यायचा नसतो.

प्रत्यक्ष १९ नोव्हेंबरला काय करायचं, याची तयारी आतापासून हवी. गळीत हंगाम चालू असेल, त्यामुळं घरी वेळ मागताना जपून. पुण्यात ज्याच्या चुलतभावाकडं प्लेस्टेशन आहे त्याच्याशी दिवाळीपासूनच गोड वागावं. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरातच आहे, तेव्हा फराळाचा डबा पाठवायला निमित्तही तयार. ते जमलं नाही तर तासावर खेळायला देणारं दुकान गाठावं, आणि पहिल्या तासात मिशन वगैरे न करता गाडी घेऊन सरळ अँब्रोझियाला जावं. अण्णांना काट्याचा फोटो हवाय.

संध्याकाळी परत बाकावर यायला विसरू नये, कारण त्याच दिवशी नवी वाट सुरू होते: कॉम्प्युटरवर कधी? पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि कॉम्प्युटरवर यायला १४ एप्रिल २०१५ उजाडला, म्हणजे सुमारे १९ महिने. त्याच मापानं जून २०२८ निघतो. दादांनी तो आकडा टपरीच्या पत्र्यावर खडूनं लिहूनही टाकलाय, आणि त्या सालचं पंचांग कुणाकडं मिळेल याची चौकशी चालू आहे.